गोखले सरांची माफी : १८९७ चा प्लेग आणि आपण वर्गात न सांगितलेली गोष्ट



गोपाळ कृष्ण गोखल्यांची एक गोष्ट आपण सगळेच वर्गात सांगतो. छोट्या गोपाळने घरून गणितं सोडवून आणली, सगळी बरोबर आली, गुरुजींनी कौतुक केलं आणि तो रडायला लागला. का, तर एक गणित दुसऱ्याच्या मदतीने सोडवलं होतं. मूल्यशिक्षणाच्या तासाला ही गोष्ट हमखास चालते. मीसुद्धा बारा-पंधरा वर्षं सांगत आलो. पण ह्याच गोपाळने मोठेपणी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, भर वर्तमानपत्रात एक माफी मागितली. ती गोष्ट मात्र मी कधी सांगितली नव्हती. खरं सांगायचं तर मला ती नीट माहीतच नव्हती. कोविडच्या काळात माझ्यावर एक ड्युटी आली, तेव्हा मी ती शोधून वाचली. ड्युटीचं पुढे सांगतो, आधी गोखले.

जन्म ९ मे १८६६, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरजवळच्या कोतळूक गावी. वडील कागल संस्थानात साध्या नोकरीत. १८७९ मध्ये ते वारले आणि थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून कागललाच महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणाला जायचे. बाकीच्या सात रुपयांत सगळं घर. रस्त्यावरच्या दिव्याखालचा अभ्यास वगैरे गोष्टी आपण थोर माणसांबद्दल भाराभर सांगतो, पण मुलांना हे आठ-सातचं गणित घालून बघा, जास्त लागतं.

कोल्हापूर, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि मुंबईचं एल्फिन्स्टन असं करत १८८४ मध्ये ते बी. ए. झाले. मोठ्या पगाराची वाट समोर असताना पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद आणि फर्ग्युसन कॉलेजात प्राध्यापक. गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जे पडेल ते शिकवायचे. (आपल्यातल्या एकशिक्षकी शाळावाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.) त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळाशाळांतून चाललं. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली ते तयार झाले. अर्ज लिहायचा तर आकडे तपासून, विधान करायचं तर आधाराने, अशी ती शिस्त होती. हे ध्यानात ठेवा, कारण पुढे जे झालं ते ह्या शिस्तीतच चुकलं आणि ह्या शिस्तीमुळेच झालं.

१८९७ च्या मार्चमध्ये गोखले विलायतेला निघाले. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करायला नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायची होती. तिशीतला मास्तर, समोर मुरलेले इंग्रज अधिकारी, आणि उलटतपासणीत तो डगमगला नाही. इथपर्यंत सगळं चांगलं चाललं होतं. पण मागे पुण्यात प्लेग आला होता.

आता तुम्हाला थोडं त्या कायद्याबद्दल सांगायला हवं. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात मूळच्या गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांतच तो पुण्यात पोहोचला. सरकारने कलकत्त्याला घाईघाईने विधेयक आणलं आणि आठवडाभरात, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा झाला. सगळी मिळून चार कलमं. पहिल्यात कायद्याचं नाव-गाव. दुसऱ्याने सरकारला साथ रोखायला लागतील ते तात्पुरते नियम करता येतात, प्रवाशांची तपासणी करता येते, संशयित माणसाला वेगळं ठेवता येतं. तिसऱ्यात न ऐकणाऱ्याला शिक्षा. आणि चौथ्यात काय, तर ह्या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल कोणावरही खटला भरता येणार नाही. एका पानात मावेल एवढा कायदा. पण तो पुन्हा एकदा वाचून बघा. उचलून नेलेल्या माणसाने दाद कुठे मागायची, किती दिवसांनी त्याला सोडायचं, नेलं ते बरोबर की चूक हे कोणी ठरवायचं, ह्याबद्दल त्यात एक ओळ नाही.

पुण्यात ह्या कायद्याखाली खास प्लेग कमिटी नेमली गेली. अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड हे साताऱ्याहून आणलेले सनदी अधिकारी. मार्चमध्ये घरझडत्या सुरू झाल्या आणि त्यासाठी शहरात लष्कर उतरवलं गेलं. रोगी सापडला की इस्पितळात, त्याच्या घरची माणसं सेग्रिगेशन कॅम्पात, घरातलं सामान बाहेर, काही जाळायचं, उरलेल्यावर औषध मारायचं. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं, ते पुढच्या वर्षी एका फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिलं. त्यामुळे भिंती धुणं, जमिनी उकरणं ह्यावरच भर.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर चुकीचा धडा जाईल. रोग्याला वेगळं ठेवू नये असं ना टिळकांचं म्हणणं होतं ना गोखल्यांचं. टिळकांनी तर स्वतः हिंदू प्लेग इस्पितळ चालवलं. पुण्याचे बरेच पुढारी पळून गेले तेव्हा ते शहरात थांबले. तक्रार होती ती रीतीबद्दल. सोजिरांनी सौजन्याने वागावं असे आदेश कागदावर होतेच. पण बूट घालून देवघरात शिरल्याच्या, चीजवस्तू नाहीशा झाल्याच्या, बायकांना लोकांदेखत उभं करून गाठी तपासल्याच्या तक्रारी शहरभर होत्या. पंडिता रमाबाईंनीसुद्धा मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकात पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या मुलींच्या सुरक्षिततेबद्दल जाब विचारला. सनातन्यांशी त्यांचं कधी पटलं नाही. तेव्हा तक्रार फक्त जुन्या वळणाच्या लोकांची होती असं म्हणून सुटका नाही.

तक्रार करायची कोणाकडे? ज्या कमिटीच्या माणसांबद्दल तक्रार, त्याच कमिटीकडे किंवा तिच्या वरच्यांकडे. पुण्यातले सरदार नातू बंधू, त्यांतले बाळासाहेब नातू, असे लेखी अर्ज करणाऱ्यांत पुढे होते. त्यांचं नाव ध्यानात असू द्या.

गोखल्यांना हे सगळं लंडनमध्ये पत्रांतून कळत होतं. पत्रं लिहिणारे भरवशाचे स्नेही. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. विलायतेतल्या वर्तमानपत्रांचा सूर असा, की पुणं म्हणजे राजद्रोह्यांचं बीळ. गोखल्यांना वाटलं, लोक का चिडले ते कोणीतरी सांगितलं पाहिजे. जुलैच्या सुरुवातीला त्यांनी मँचेस्टर गार्डियन ह्या वर्तमानपत्राला माहिती दिली, पार्लमेंटच्या काही सभासदांपुढेही बोलले. बाकी तक्रारींबरोबर त्यांनी पत्रांतून कळलेला एक फार गंभीर आरोप केला : सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला आणि त्यांतल्या एकीने नंतर जीव दिला.

पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप साफ खोटा असल्याचं कळवलं. पुरावा द्या, अशी मागणी झाली. गोखल्यांकडे होती फक्त पत्रं. मी परत जातो, चौकशी करतो आणि पुरावा देतो, नाहीतर शब्द मागे घेतो, असं सांगून ते बोटीत बसले.

आता तारखा बघा. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक. २८ जुलैला दोघे नातू बंधू अटकेत. टिळकांवर निदान खटला तरी चालला. नातूंवर आरोपपत्रच नाही. १८२७ चा पंचविसावा रेग्युलेशन म्हणून सत्तर वर्षं जुना नियम होता, त्याखाली सरकारला वाटेल त्या माणसाला खटल्याविना अडकवून ठेवता येत होतं. तो बाहेर काढला, माणसं डांबली, मालमत्तेवर जप्ती आणली. पुढे १८९९ पर्यंत ते बंदीत राहिले. त्यांनी नेमका काय गुन्हा केला हे त्यांना कोणत्याही न्यायाधीशासमोर कधी सांगितलं गेलं नाही. प्लेगच्या कारभाराविरुद्ध लेखी तक्रारी करणारा माणूस दोन वर्षं आत.

आणि त्याच आठवड्यात गोखल्यांची बोट मुंबईला लागली.

तुम्ही गोखल्यांच्या जागी उभे राहा. तुम्हाला त्या पत्रं लिहिणाऱ्या स्नेह्यांकडे जाऊन म्हणायचंय, की तुम्ही लिहिलंत ते आता सहीनिशी द्या. कोण देईल? आणि समजा कोणी धीर केला, तरी त्या घरातल्या माणसांनी काय करायचं? त्या काळातलं पुण्यातलं ब्राह्मणी घर, त्यातली बाई, तिच्यावर असं काही गुदरलं असेल तर ते चार भिंतींच्या बाहेर सांगायचं, तेही गोऱ्या अधिकाऱ्यापुढे, ज्याला विचारल्यावर कळणार की तुझी सही त्याच्या फायलीत गेली. गोखल्यांनी विचारपूस केली. शपथेवर सांगायला कोणी पुढे आलं नाही. पत्र लिहिणाऱ्यांची नावं त्यांनी सरकारला सांगितली नाहीत. ती सांगितली असती तर दोष वाटून घेता आला असता. रानड्यांचा सल्ला घेतला आणि ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात माफीपत्र छापून आलं. गव्हर्नरांची माफी, कमिटीची माफी आणि झडतीवर असलेल्या सोजिरांचीही माफी. त्यात जर-तर नाही, आडपडदा नाही.

काय उसळलं असेल ह्याची कल्पना करा. एकीकडे टिळक तुरुंगात आणि दुसरीकडे हे माफी मागतायत. भ्याड ठरले, कच्च्या कानाचे ठरले. लंडनमध्ये ज्यांनी त्यांच्या शब्दावर विश्वास टाकला होता त्या दादाभाई, ह्यूम, वेडरबर्न ह्यांची पंचाईत झाली. इंग्रज वर्तमानपत्रांनी खोटारडे म्हटलं, ते निराळंच. काँग्रेसच्या वर्तुळातही काही काळ त्यांच्याकडे पाठ फिरवली गेली.

मी शाळेत असताना आमच्या इतिहासाच्या मास्तरांनी हे एका वाक्यात उरकलं होतं, मवाळ होते म्हणून माफी मागितली. बरीच वर्षं माझंही तेच मत. आता मला तसं वाटत नाही. सिद्ध करता न आलेलं मागे घेणं, तेही सगळा गाव विरोधात असताना, हे रडणाऱ्या छोट्या गोपाळचंच मोठं रूप आहे. पण त्याचबरोबर मला हेही वाटतं, की माफी गरजेपेक्षा जास्त झाली. तो एक आरोप मागे घ्यायचा होता. बाकीच्या तक्रारी काही खोट्या ठरल्या नव्हत्या. माफीच्या गदारोळात त्या सगळ्याच बुडाल्या आणि सरकारला तेच हवं होतं. एकाचा आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे कोणाचंच काही बिघडलं नव्हतं, असा हिशेब लावायला सत्ता नेहमी तयार असते. सिद्ध का होऊ शकला नाही, हा प्रश्न कोणी विचारला नाही. ज्या आठवड्यात पुरावा गोळा करायचा त्याच आठवड्यात तक्रारदारांना विनाखटला डांबलं जात होतं, हे त्याचं उत्तर तिथल्या तिथे पडलेलं होतं.

आता माझी ड्युटी. २०२० च्या मार्चमध्ये आपल्या राज्याने जो कायदा लागू केला तो हाच, १८९७ चा. घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले, ते तुम्हाला आठवत असेल. मे महिन्यात आमची शाळा विलगीकरण कक्ष झाली. मुंबई-पुण्याहून आलेल्यांना चौदा दिवस वर्गखोल्यांत ठेवायचं आणि रजिस्टर माझ्याकडे. काम गरजेचं होतं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती आणि आजही नाही. पण एके दिवशी एका म्हाताऱ्या काकांनी मला विचारलं, मास्तर, माझे चौदा दिवस काल संपले, मला सोडायचं कोणी ठरवायचं? माझ्याकडे फक्त मोबाइलवर आलेला एक निरोप होता. त्यात ठेवायचं लिहिलं होतं. मी वर फोन केले, प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं. काकांना आणखी तीन दिवस राहावं लागलं. त्यांनी भांडण केलं नाही. चौथीच्या वर्गातल्या फळ्यावर ते रोज एक रेघ मारायचे. शाळा पुन्हा भरली तेव्हा सतरा रेघा होत्या, त्या मी पुसल्या. कोणी वाईट वागलं नव्हतं, आणि तरी त्या तीन दिवसांबद्दल दाद मागायची जागा त्यांना सापडली नाही. तेव्हा मला ते चौथं कलम पहिल्यांदा नीट कळलं.

पुन्हा गोखल्यांकडे येऊ. माफीनंतर माणूस घरी बसला असता तर नवल नव्हतं. पण पुण्यात प्लेग परत आला तेव्हा हे गृहस्थ स्वयंसेवक म्हणून प्लेगच्या कामाला उभे राहिले. ज्या झडत्यांबद्दल विलायतेत बोलून तोंड पोळलं होतं त्याच गल्ल्यांतून फिरले. सरकारनेही तोवर थोडी अक्कल घेतली होती, लष्कराचा जोर कमी करून गावकऱ्यांची मदत घ्यायला सुरुवात झाली होती. लोकांच्या घरात शिरायचं तर ओळखीचा माणूस बरोबर हवा, एवढी साधी गोष्ट शिकायला दोन खून आणि एक शहर लागलं.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेमंडळात निवडून गेले, नंतर कलकत्त्याच्या वरिष्ठ मंडळात. १९०२ मध्ये कॉलेज सोडलं, १९०५ मध्ये भारत सेवक समाज काढला, त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. हा भाग पाठ्यपुस्तकात असतो म्हणून मी लांबवत नाही. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायची आहे. १९०७ मध्ये लाला लजपत राय यांना १८१८ च्या तिसऱ्या रेग्युलेशनखाली, म्हणजे नातूंना लावला त्याच जातीच्या नियमाखाली, खटल्याविना मंडालेला पाठवलं. त्याच साली सभाबंदीचं विधेयक आलं. गोखले मंडळात उभे राहिले, विधेयकाला विरोध केला आणि हद्दपारीचाही प्रश्न काढला. ह्या वेळी ऐकीव पत्रं नव्हती. कायद्याचं कलम, तारीख, सरकारचंच निवेदन, त्यातली विसंगती, असं एकेक मांडलं. विधेयक अर्थातच मंजूर झालं, मतं सरकारची होती.

सगळीकडे ते असेच ठाम राहिले असंही नाही. १९१० च्या वृत्तपत्र कायद्याला त्यांनी विरोध केला नाही, आणि तो कायदा पुढे किती छापखान्यांच्या मुळावर आला ते आपल्याला माहीत आहे. वर्गात हे लपवू नये असं माझं मत. १९११ मध्ये त्यांनी मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, पुढच्या वर्षी ते पडलं. आपण सगळे त्या पडलेल्या विधेयकाच्या पुढच्या पिढ्यांतले शिक्षक आहोत. १९ फेब्रुवारी १९१५ ला पुण्यात ते वारले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. जन्मभर ज्यांच्याशी मतभेद राहिले ते टिळक सिंहगडावरून खाली आले आणि स्मशानात बोलले.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी ही माफीची गोष्ट पहिल्यांदा सांगितली. आधी गणिताची, मग ही. पोरं दोन गटांत वाटली गेली, माफी मागायला हवी होती आणि नको होती. बराच वेळ तेच चाललं. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. एरवी ती बोलत नाही. तिने विचारलं, सर, पण त्या दोन बायका खरंच होत्या का? मी सांगितलं, होत्या की नव्हत्या हे आज कोणालाच सांगता येणार नाही. ती म्हणाली, म्हणजे त्यांना कोणी विचारलंच नाही. तास संपल्याची घंटा झाली होती, तरी कोणी उठलं नाही.